धुतलेले बटाटे

बेटवाल्याला बाजारात कोणी नावानं ओळखत नाही. त्याची टोपली जमिनीला टेकली की बायका एकमेकींना सांगतात, बेटावरचे बटाटे आले. टोपलीत बटाटे नसून दुधी असला तरी हेच सांगतात. त्यालाही त्याचं काही वाटत नाही. कुठून आलास याचं उत्तर तयार असलं की कोण आहेस हे सांगायची पाळी माणसावर फारशी येत नाही, असं त्याचं आपलं मत होतं. पण कुठून आलो याचीच खात्री नसेल तर काय करायचं, हा प्रश्न त्याला सत्तरी उलटल्यावर पडला, आणि तोही नातीच्या शाळेमुळे.

नात तिसरीत. तिला घरात सगळे टिटवी म्हणतात. एकतर ती बोलायला लागली की एकाच सुरात, न थांबता, लांबून ऐकू येईल असं बोलते. दुसरं म्हणजे, टिटवी पाय वर करून झोपते, आभाळ कोसळलं तर झेलता यावं म्हणून, असं म्हणतात. ही पाळण्यात अगदी तशी झोपायची. लेक आणि जावई शहरात, तिसऱ्या मजल्यावर राहतात. तिथल्या खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते. टिटवी आजोळी अशी एकदाच राहून गेली होती, पुराच्या वर्षी, तेव्हा ती जेमतेम चार वर्षांची होती. बेटवाल्यानं तिला खांद्यावर घेऊन होडीतून घरी आणलं होतं. आल्या दिवसापासून गेल्या दिवसापर्यंत तिनं घराभोवती पाणीच पाणी पाहिलं, आणि तेवढंच तिच्या लक्षात राहिलं.

तिचा फोन आला तेव्हा बेटवाला शेंगा निवडत होता. वर्गात सध्या तीन गोष्टी शिकवतात, तिनं एका दमात सांगितलं, बेटं, अन्न आणि निसर्ग. बाईंनी विचारलं, बेट कोणी कोणी पाहिलंय? तिनं हात वर केला आणि सांगितलं की माझ्या आजोबांचं स्वतःचं बेट आहे. वर्ग हसला. त्यांच्या वर्गात एक वकील आहे. त्याचा बाप वकील नाही, तोच वकील आहे, कारण कोणी काही म्हटलं की हा विचारतो, कशावरून? तर वकील म्हणाला, मग दाखव. खोटं निघालं तर वर्षभर तुझं नाव थापाडी. टिटवी म्हणाली, चालेल. आणि बाईंना ती कल्पना इतकी आवडली की त्यांनी सगळ्या वर्गाची सहलच ठरवून टाकली.

"चारी बाजूंनी पाणी आहे ना, आजोबा?" तिनं विचारलं.

"आहे की," बेटवाला म्हणाला.

जेवलात का म्हटल्यावर जेवलो म्हणावं तसं ते तोंडातून निघून गेलं. फोन ठेवल्यावर तो थोडा वेळ शेंगाच निवडत राहिला. मग उठला आणि पाहायला बाहेर गेला.

नदी त्याच्या जमिनीच्या डोक्याशी येते आणि तिथं तिला दोन वाटा आहेत. एक वाट उजवीकडून, मोठी, वर्षभर वाहणारी. दुसरी डावीकडून, तिला सगळे जुनी धार म्हणतात. दोन्ही खाली जाऊन पुन्हा भेटतात. मधला तुकडा त्याचा: घर, सहा-सात झाडं, शेंगांचे वेल, दुधी, टोमॅटो, थोडी गुरांची वैरण. कागदावर रेघ मारून दाखवलं तर कोणीही बेट म्हणेल. पण जुनी धार कोरडी. ती काल-परवा कोरडी झालेली नाही. मोठा पूर आला तरच तिच्यात पाणी येतं, नाहीतर तिच्या मधून रस्ता जातो, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना, नदीनं आणून टाकलेल्या मऊ गाळात, तो दरवर्षी बटाटे लावतो. बेटावरचे म्हणून जे बटाटे बाजारात प्रसिद्ध आहेत ते, खरं पाहिलं तर, बेटाचे नाहीतच. ते त्या पाण्याच्या जागेवरचे आहेत.

हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. तो रोज त्या पात्रातून चालत जायचा. पण माहीत असणं आणि ध्यानात येणं यांच्यात कधी कधी एक आख्खा जन्म जातो. त्या संध्याकाळी तो काठावर उभा राहिला, बटाट्याचा पाला वाऱ्यावर हलत होता, आणि त्याला पहिल्यांदा वाटलं की आपण कोणालातरी फसवलंय, फक्त कोणाला ते सापडत नव्हतं.

बायकोला विचारलं असतं तर तिनं लगेच सांगितलं असतं. तिची ही तक्रार लग्नाइतकीच जुनी. मुलगा बेटावर राहतो म्हणून तिच्या बापाला सांगितलं होतं. ती नवरी होऊन आली ती होडी दिसेल, होडी दिसेल असं मनात घोकत; आणि नवऱ्यामागून बटाट्याच्या सऱ्यांमधून चालत घरात शिरली. उंबऱ्यावर तिनं जावेला विचारलं, बेट कुठाय? ते ऐकून सगळं घर हसलं होतं. तेव्हापासून नवऱ्याची कुठलीही गोष्ट अर्धवट निघाली की ती म्हणते, हं, बेटासारखीच.

होडी होती म्हणा. अजून आहे. घरामागं ती उपडी घातलेली आहे आणि तिच्याखाली कोंबड्या राहतात.

जुनी धार बंद केली ती त्याच्या बापानं. बेटवाला तेव्हा टिटवीपेक्षा थोडा मोठा असेल. त्या वर्षी पाणी चढलेलं असताना आई तापानं फणफणली, होडी काढता येईना, आणि दवाखाना पलीकडे. पाणी उतरलं तेव्हा दवाखान्यात न्यायला कोणी उरलं नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात बापानं धारेच्या तोंडाशी दगडमातीचा बांध घातला. दगड वाहायला पोरगा होताच. बांधाला मध्ये एक तोंड ठेवलं, त्यात खाचा केल्या आणि खाचांत लाकडी फळ्या एकावर एक सरकवल्या. कधी गाळ धुऊन काढायचा झाला तर फळ्या उचलून पाणी सोडता यावं म्हणून. शेवटची फळी बसली तसा बाप कोरड्या पात्रात उतरला, पलीकडे चालत गेला आणि चालत परत आला.  मात्र दुसऱ्या दिवशी बाजारात कोणी विचारलं तर म्हणाला, आम्ही बेटावरचे. आणि मरेपर्यंत तेच म्हणत राहिला. पोरानं ते तसंच उचललं, जसा बापाचा कोट उचलला, बाह्या लांब होतात की आखूड हे न बघता.

सहलीच्या आदल्या दिवशी दुपारी बेटवाला बांधावर गेला. फळ्या फुगून बसल्या होत्या. पहार घालून त्यानं एकेक सैल केली आणि वर ओढली. पाणी आधी जरा घुटमळलं, जणू त्यालाही आठवावं लागत होतं. मग वळलं, आणि तपकिरी जीभ काढून पात्रातून पुढं सरकू लागलं. तो त्याच्याबरोबर काठाकाठानं चालला. कोरडी पानं, काटक्या, कोंबडीचं एक पीस, सगळं पाण्याच्या तोंडावर नाचत चाललं होतं. रस्ता बुडाला. खाली जाऊन पाणी मोठ्या नदीला मिळालं तेव्हा त्याच्या छातीत काहीतरी भरून आलं. ते समाधान असावं असं त्यानं धरलं.

घरात येऊन तो म्हणाला, "झालं."

"काय झालं?"

"बेट."

बायको भांडं घासत होती. तिनं हातातलं भांडं विसळलं, पालथं घातलं, आणि मग विचारलं, "आणि बटाटे?"

बेटवाला तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटत गेलं ते पाहून ती उठली आणि कुदळ घेऊन बाहेर पडली.

सऱ्यांमध्ये घोट्याएवढं पाणी झालं होतं. दोघं वाकून खणत राहिली. पाण्यात कुदळ मारली की आवाज होतो, माती निघत नाही; शेवटी हातांनीच चाचपून काढायला लागली. बायकोचं तोंड चालूच होतं. आख्ख्या जन्मात एकदा बेट केलंत, तेही माझ्या बटाट्यांवर.  त्याला दुसरीच काळजी लागली होती. बाईंनी फोनवर मुद्दाम सांगितलं होतं की मुलांना जमिनीतून बटाटे काढायला द्या, अन्न कुठून येतं ते त्यांच्या हाताला कळू दे. आता जमिनीत बटाटे नव्हते. ते अंगणात ढीग होऊन पडले होते, चिखलानं माखलेले, एकेक ओळखू न येण्यासारखा.

सकाळी उजाडताच त्यानं उपाय केला. घराशेजारच्या कोरड्या तुकड्यात ओळीनं खड्डे घेतले, प्रत्येकात मूठमूठ बटाटे ठेवले, वर माती ओढली आणि वरून उपटलेला पाला पुन्हा खोचून दिला. बायकोनं रात्रीच ते सगळे बटाटे स्वच्छ धुऊन ठेवले होते. तिला चिखलाची वस्तू घरापाशी ठेवणं जमत नाही. धुतलेले बटाटे परत मातीत घालताना त्याच्या हाताला काहीतरी चुकतंय असं वाटलं, पण काय चुकतंय ते हातालाही सांगता येईना, आणि बस यायची वेळ झाली होती.

मग त्यानं होडी उलथी केली, म्हणजे खरं तर सुलटी केली. कोंबड्या उघड्यावर पडल्या आणि छप्पर कुठं गेलं म्हणून गोल फिरू लागल्या. होडीच्या तळाला दोन ठिकाणी उजेड दिसत होता. तरी ती त्यानं काठाशी नेऊन ठेवली. शोभेला.

बस पलीकडे थांबली. ड्रायव्हर याच भागातला; तो खाली उतरून पाण्याकडे पाहत म्हणाला की मागच्या महिन्यात तो इथून ट्रॅक्टर घेऊन गेला होता. नशिबानं ते बसमधल्या गोंगाटात कोणाला ऐकू गेलं नाही. बेटवाल्याला मात्र पाण्यापलीकडून ओठांवरून कळलं. बाई तरुण होत्या, गळ्यात शिट्टी. त्यांनी पाण्यात काठी घालून पाहिली, स्वतः एकदा पार होऊन आल्या, मग दोरी बांधायला लावली. मुलांनी बूट काढून गळ्यात अडकवले आणि दोरी धरून एकामागून एक उतरली. घोट्याएवढंच पाणी, पण समुद्र ओलांडत असल्यासारखी सगळी गप्प. सर्वांत पुढं टिटवी होती. ती मागं वळून वळून बघत होती, सगळं जागेवर आहे ना याची खात्री करत असल्यासारखी.

वकील सर्वांत शेवटी आला. दिसायला अगदी साधा मुलगा होता, नाक गळत होतं. काठावर येऊन त्यानं बेटवाल्याला नमस्कार केला आणि विचारलं की पलीकडची बाजू बघता येईल का. बाईंनी सगळ्यांनाच कडेकडेनं फिरवलं. मोठी नदी, खालचा संगम, मग वरचं टोक. बांधाकडे फार जाऊ दिलं नाही, तिथं खोल आहे असं बेटवाल्यानं सांगितलं. फेरी पुरी करून सगळी पुन्हा दोरीपाशी आली.

"आहे," वकील म्हणाला. "चारी बाजूंनी आहे."

 टिटवीनं आजोबांचा हात धरला आणि एवढा घट्ट दाबला की त्याची बोटं दुखली. त्याला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण तो आनंद दुसऱ्याच्या चपलेसारखा होता. पायात होता, पण पाऊल टाकताना सारखं आत काहीतरी सरकत होतं.

मग बटाटे काढायचं ठरलं.

मुलांना खुरपी दिली. पहिला बटाटा निघाला तेव्हा ओरडा झाला, दुसऱ्याला झाला, मग ती मुकाट्यानं कामाला लागली. माती उडत होती. बाई हसत फोटो काढत होत्या. बेटवाला भिंतीला टेकून उभा होता आणि त्याला क्षणभर वाटलं की निभावलं. मग एका मुलीनं बटाटा वर धरून बाईंना विचारलं की हा धुतलेला कसा. बाई म्हणाल्या, वाळूची जमीन असेल, चिकटत नसेल. दुसऱ्यानं पाला ओढला तर तो सहज हातात आला, खाली मूळ नाही, काही नाही, भांड्यातून चमचा काढावा तसा. तिसऱ्याच्या खड्ड्यात पाच बटाटे, चौथ्याच्याही पाच. आजोबा, बटाटे मोजून येतात का, असं कोणीतरी विचारलं. बेटवाला म्हणाला, या वर्षी तसं झालंय.

आणि मग वकिलानं आपल्या खड्ड्यातून बाहेर काढला तो कांदा.

मोठा, लाल, कोरड्या सालीचा कांदा. धुतलेले बटाटे ठेवायला बायकोनं रात्री कांद्यांची टोपली रिकामी केली होती, तिच्या तळाशी राहिला असणार. वकिलानं तो उलटसुलट केला, वास घेतला. त्याला कोणाला खोटं पाडायचं नव्हतं, त्याला खरोखरच समजत नव्हतं.

"आजोबा, हा कांदा आहे."

"हो," बेटवाला म्हणाला.

"बटाट्याला कांदा येतो?"

"नाही येत."

"मग हे कोणीतरी ठेवलंय." तो जरा थांबला. त्याची नजर खड्ड्यांच्या ओळीवरून काठाकडे गेली, काठावरून पाण्याकडे. "आजोबा, हे पाणी काल होतं?"

मुलांची खुरपी थांबली. बेटवाल्यानं टिटवीकडे पाहिलं. ती स्वतःच्या पायांकडे बघत होती. पायांवरचा चिखल वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. तिला कळलं होतं. हुशार पोर, तिला मूळ नसलेल्या पाल्यापाशीच कळलं होतं, आणि ती वाट बघत होती. हो म्हटलं तर तिचं नाव राखलं जाईल, पण तिच्यापुरता आजोबा खोटा ठरेल. नाही म्हटलं तर वर्षभर वर्गात थापाडी. इकडे आड तिकडे विहीर असं लोक म्हणतात. त्याच्यापुढं दोन्हीकडे त्यानंच सोडलेलं पाणी होतं.

"काल दुपारपासून आहे," तो म्हणाला.

"आणि त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी तिथं बटाटे होते."

कोणीतरी फिसकन हसलं आणि थांबलं. बेटवाल्याला वाटलं होतं की एवढं बोललं की संपेल. पण ते संपलं नाही, फळी उचलल्यासारखं झालं. त्यानं बांध सांगितला, फळ्या सांगितल्या, होडी कोंबड्यांची आहे हे सांगितलं. बापानं धार का बंद केली तेही सांगितलं, दोन वाक्यांत, कारण तिसरं त्याच्याकडे नव्हतं. टिटवीला बेट आहे म्हणून मी सांगितलं, तो म्हणाला. मला माझ्या बापानं सांगितलं. तिनं आपल्या मनानं काही केलं नाही.

बाईंच्या हातातला फोन खाली आला होता. "म्हणजे तुम्ही हे सगळं आमच्यासाठी…"

"नातीसाठी," मागून बायको म्हणाली. ती उकडलेल्या बटाट्यांचं पातेलं घेऊन दारात उभी होती. "मला लग्नात हेच बेट सांगून आणलं, बाई. तेव्हा तर एक फळीसुद्धा हलवली नव्हती यांनी."

बाई हसल्या, त्यामुळे मुलं हसली, आणि पातेल्याभोवती गर्दी झाली. मीठ वाटायला बेटवाला वाटी घेऊन फिरू लागला. गरम बटाटा एका हातातून दुसऱ्या हातात उडवत मुलं त्याच्यासमोर बोटं धरत होती, आणि तो चिमूटचिमूट मीठ ठेवत होता. त्याच्यापासून दोन पावलांवर वकील टिटवीला समजावत होता.

"म्हणजे तू थापाडी नाहीस," तो विचार करून म्हणाला. "तुझे आजोबा थापाडे आहेत."

"ते थापाडे नाहीत," टिटवी म्हणाली. "ते विसरतात."

बेटवाल्याच्या हातातली चिमूट तशीच राहिली. नातीनं त्याची बाजू घेतली होती, एवढं खरं. पण कुठली बाजू? आपण विसरलो होतो का? बांधाचे दगड त्याला आजही आठवत होते, एक तर असा की तो उचलताना नख निघालं होतं. आईचा आवाज आठवत नव्हता. मग आपण काय विसरलो? की लक्षात असलेली गोष्ट रोज थोडी थोडी चुकीची आठवत राहिलो, आणि त्यालाच विसरणं म्हणतात? समोरची मुलगी म्हणाली, आजोबा, मीठ, आणि त्यानं ते तिच्या बोटावर ठेवलं.

जेवणानंतर मुलांनी हट्ट धरला की फळ्या बसवताना बघायच्या. बाईंनी त्यांना बांधापासून लांब, झाडाखाली उभं केलं. बेटवाल्यानं एकेक फळी खाचेत सरकवली. शेवटची बसेना, ड्रायव्हर पलीकडून पाण्यातून आला आणि दोघांनी मिळून ती ठोकून बसवली. मुलांना वाटलं होतं की पाणी एकदम नाहीसं होईल. तसं काही झालं नाही. ते फक्त जरा कमी खळखळू लागलं, मग कडेला ओली रेघ दिसली, मग दुसरी. बघता बघता कंटाळून बरीचशी मुलं कोंबड्यांमागं पळाली. वकील मात्र शेवटपर्यंत बसून होता.

"आता हे बेट आहे की नाही?" त्यानं विचारलं.

"मला नाही सांगता येत, बाळा," बेटवाला म्हणाला.

वकिलानं मान हलवली. त्याला ते उत्तर पटलेलं दिसलं, का ते बेटवाल्याला कळलं नाही.

परत जाताना पाणी कमी आणि चिखल जास्त होता. टिटवीनं आजीला मिठी मारली, येते म्हणाली. आजोबांपाशी आली, त्यांच्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि तिच्यासारखी टिटवी काही न बोलता वळून दोरी धरून निघून गेली. बसच्या खिडकीत तिच्या डोक्याची मागची बाजू दिसली. बस वळेपर्यंत बेटवाला हात वर करून उभा होता.

दिवस मावळताना फोन वाजला. बायकोनं उचलला आणि लगेच त्याच्याकडे दिला, "तुमचाच आहे."

"आजोबा," टिटवीचा आवाज हळू होता, त्यानं तो तसा कधी ऐकला नव्हता. "बाईंनी चित्र काढायला सांगितलंय, आज जे पाहिलं त्याचं. मी घर काढलं. झाडं काढली. कोंबड्या काढल्या. एका बाजूची नदी काढली. दुसऱ्या बाजूला पाणी काढू की नको?"

बेटवाल्याच्या तोंडाशी काहीतरी आलं होतं, सवयीचं, तयार असलेलं. त्यानं ते तिथंच थोपवलं.

"थांब," तो म्हणाला, "बघून सांगतो."

फोन कानाला तसाच धरून तो बाहेर गेला. काठावर होडी सुलटी पडली होती, तिच्यात कोणी ठेवलेला अर्धा बटाटा होता. पात्रात चिखल, उकरलेल्या सऱ्या, लहान लहान पायांचे ठसे, काही बूट घातलेले, बरेचसे अनवाणी. तो खाली उतरला. रस्त्याच्या कडेला, जिथं त्यानं काल घाईत खोल खणलं होतं, तिथं एका खड्ड्यात अजून पाणी साचलेलं होतं, आणि छप्पर गेलेल्या कोंबड्या त्याच्याभोवती जमल्या होत्या.

"आहे थोडं," तो म्हणाला.

"किती?"

तो वाकून बघत राहिला. मागून बायको हाक मारत होती की होडी उपडी घाला, अंधार पडायच्या आत, कोंबड्या जाणार कुठं.

"कोंबड्या पितायत, एवढं," तो म्हणाला.

 पलीकडून कागदावर रंगाचा खडू घासल्याचा आवाज आला.

"बरं," टिटवी म्हणाली. "मग तेवढंच काढते."